विषाणूशी लढताना लगाम धरणाऱ्या पेशी

डेंगीच्या रुग्णाच्या घरच्यांना डॉक्टर एक गोष्ट बजावून सांगतात: ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि नेमक्या त्याच सुमारास काही रुग्णांच्या पोटात दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर पाझरतो आणि रक्तदाब कोसळतो. तोपर्यंत रक्तातल्या विषाणूंची संख्या घसरणीला लागलेली असते. म्हणजे विषाणू कमी होत असताना रुग्ण खालावतो. असे का व्हावे?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर विषाणूपेक्षा आपल्याच प्रतिकारयंत्रणेत आहे. संसर्गाला दिलेले उत्तर किती जोरकस आहे यावर रुग्णाचे भवितव्य ठरतेच. पण ते उत्तर कधी आवरले जाते, कुठे आवरले जाते आणि कोण आवरते यावरही ते तितकेच ठरते. हे आवरण्याचे काम ज्या पेशींकडे आहे त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. मदतनीस टी पेशींच्या मोठ्या गटात त्यांचा वाटा साधारण ५ ते १० टक्के असतो. एवढ्या थोड्या पेशी संसर्गाची सगळी वाटचाल बदलू शकतात.

नुकसान नेमके कोण करते?

उंदरांमध्ये आढळणारा एलसीएमव्ही नावाचा विषाणू प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांचा जुना सोबती आहे. प्रौढ उंदराच्या मेंदूत तो टोचला, तर उंदीर साधारण आठवड्याभरात मरतो. त्याच उंदराच्या टी पेशी आधी काढून टाकल्या, तर मात्र तो मरत नाही. विषाणू अंगात बाळगत तो जगत राहतो. हा विषाणू पेशींना फारशी इजा करत नाही. मेंदूची नासधूस करतात त्या विषाणूग्रस्त पेशींवर तुटून पडणाऱ्या मारक टी पेशी. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७०च्या दशकात कॅनबेरा येथे याच विषाणूवर काम करताना टी पेशी संसर्ग झालेली पेशी कशी ओळखतात हे उलगडले. त्यासाठी त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सगळेच विषाणू असे नसतात. पोलिओचा विषाणू मज्जापेशी स्वतःच मारतो. पण यकृताला सूज आणणारे हिपॅटायटिस बी आणि सी, श्वसनमार्गाचे अनेक विषाणू आणि डेंगी यांच्या बाबतीत आजाराचा मोठा भाग आपल्याच दाहप्रक्रियेतून येतो. तणनाशक फवारताना तणाबरोबर पीकही करपावे, तसे इथे होते. फवारणी थांबवली तर तण माजते आणि बेतालपणे केली तर पीक जाते. विषाणूसंसर्गात नियामक पेशींचे काम या दोन संकटांच्या मधून वाट काढण्याचे असते.

शोधाचा लांबचा रस्ता

१९६९ साली जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या उंदरांची थायमस ग्रंथी काढून टाकली. छातीच्या हाडामागच्या याच ग्रंथीत टी पेशी तयार होतात. ती काढल्यावर प्रतिकार दुबळा होईल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात माद्यांची बीजांडे नष्ट झाली. त्यांची स्वतःची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याच अवयवांवर उलटली होती. आठवड्याभराने ग्रंथी काढली, तर असे होत नव्हते. याचा अर्थ, जन्मानंतरच्या त्या थोड्या दिवसांत थायमसमधून असे काहीतरी बाहेर पडत होते जे इतरांना आवरत होते.

शिमोन साकागुची या तरुण संशोधकाने हा धागा पकडला आणि सोडला नाही. हे चिकाटीचे काम होते, कारण १९८०च्या दशकात ‘दमन करणाऱ्या टी पेशी’ ही कल्पनाच बदनाम झाली होती. १९७०च्या सुमारास रिचर्ड गेर्शन यांनी ती मांडली, तिच्यावर ढीगभर लेख निघाले, आणि मग ज्या जनुकावर तो डोलारा उभा होता ते जनुक अपेक्षित जागी नाहीच असे दिसून आले. बहुतेकांनी विषय सोडला. साकागुचींनी १९९५ साली दाखवून दिले की ज्या मदतनीस टी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-२५ हे प्रथिन भरपूर असते, त्याच या आवरणाऱ्या पेशी. त्या काढल्या की उंदरांना अनेक स्वयंप्रतिकार आजार होतात आणि परत दिल्या की ते टळतात.

दुसरा धागा अमेरिकेतला आहे. १९४९ साली टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत काही नर उंदीर खवलेदार त्वचा, सुजलेली प्लीहा आणि सुजलेल्या लसिका ग्रंथी घेऊन जन्मले आणि काही आठवड्यांत दगावले. अर्धशतकानंतर, २००१ साली, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचे बिघडलेले जनुक शोधले: फॉक्सपी-३. हेच जनुक बिघडलेली मुले जन्मतःच अत्यंत गंभीर स्वयंप्रतिकार आजार घेऊन येतात. दोनच वर्षांत सिद्ध झाले की नियामक टी पेशी घडवणारे प्रमुख जनुक हेच. ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या मते हा सन्मान उशिरा आला, पण योग्य हातांत गेला.

आवरण्याच्या पद्धती

नियामक पेशी इतरांना आवरतात ते अनेक मार्गांनी. टी पेशींना वाढायला इंटरल्यूकिन-२ हा रासायनिक संदेश लागतो. नियामक पेशींवर तो पकडणारी सीडी-२५ प्रथिने इतकी असतात की आसपासचा संदेश त्याच शोषून घेतात आणि मारक पेशींच्या वाट्याला तो कमी येतो. शिवाय टी पेशींना चेतवणाऱ्या डेंड्रायटिक पेशींच्या अंगावरचे चेतावणीचे रेणू त्या सीटीएलए-४ या प्रथिनाने ओढून काढतात. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही दाह शमवणारी द्रव्येही त्या सोडतात.

नियामक पेशींची स्वतःची वाढही याच इंटरल्यूकिन-२ वर अवलंबून असते आणि तो मुख्यतः लढणाऱ्या टी पेशीच तयार करतात. लढाई पेटली की लगामही आपोआप घट्ट होतो, अशी ही रचना आहे. काही विषाणू मात्र या रचनेचा फायदा उठवतात. ते पुढे येईलच.

हर्पिसने दिलेला धक्का

नियामक पेशी आणि विषाणू यांचे नाते सर्वांत बारकाईने पाहिले गेले ते हर्पिस सिम्प्लेक्सच्या संसर्गात. ओठाच्या कडेला वारंवार पुरळ आणणारा विषाणू तो हाच.

टेनेसी विद्यापीठातील बॅरी राउज यांच्या गटाने २००३ साली उंदरांतल्या सीडी-२५ वाहक पेशी घटवल्या आणि मग हर्पिसचा संसर्ग दिला. मारक टी पेशींचे उत्तर अधिक जोरकस झाले आणि विषाणू लवकर हटला. निष्कर्ष सरळ दिसत होता: नियामक पेशी विषाणूच्या पथ्यावर पडतात. पुढच्याच वर्षी त्याच गटाने डोळ्यातला संसर्ग तपासला. हर्पिसमुळे कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचे पारदर्शक पटल, सुजून पांढुरके होते आणि दृष्टी जाऊ शकते. ही सूज वाढत जाते तेव्हा तिथला विषाणू जवळजवळ संपलेला असतो. मागे उरतात त्या दाह पेटवत ठेवणाऱ्या टी पेशी. नियामक पेशी काढलेल्या उंदरांत ही इजा जास्त गंभीर झाली. एकच विषाणू आणि त्याच पेशी, पण एके ठिकाणी त्यांचा अडथळा आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांचा आधार.

खरा धक्का २००८ साली बसला. जेनिफर लुंड, अलेक्झांडर रुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर वापरले ज्यांच्यातल्या नेमक्या फॉक्सपी-३ वाहक पेशी हव्या त्या वेळी नष्ट करता येतात. या उंदरांना जननमार्गातून हर्पिसच्या दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग दिला. लगाम नसल्याने विषाणू झटपट हटेल असा अंदाज होता. झाले उलटे. विषाणू वाढला आणि उंदीर लवकर मेले. कारण शोधताना असे आढळले की संसर्गाच्या जागी इंटरफेरॉन उशिरा पोहोचत होते. नैसर्गिक मारक पेशी, डेंड्रायटिक पेशी आणि टी पेशी यांचेही तसेच. पेशींना बोलावणारी रासायनिक द्रव्ये लसिका ग्रंथींमध्ये मात्र भरमसाट होती. पेशी तिथेच गर्दी करून राहिल्या आणि जिथे गरज होती तिथे वेळेवर गेल्याच नाहीत.

या प्रयोगाने नियामक पेशींकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे मला वाटते. तोपर्यंत त्यांना केवळ दडपणाऱ्या पेशी मानले जाई. लढाऊ पेशींची पांगापांग होऊ न देता त्यांना योग्य जागी जाऊ देणे हेही त्यांचेच काम आहे, हे इथे दिसले. लहान मुलांच्या श्वासनलिकांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूच्या संसर्गातही पुढे असेच आढळले: नियामक पेशी नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसात मारक टी पेशी उशिरा आल्या, विषाणू रेंगाळला आणि आजार बळावला.

फुप्फुसातली डागडुजी

फुप्फुसात दाहाला जागा फार थोडी असते. हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की थोडी सूज आणि थोडे पाणीही प्राणवायूची वाट अडवते. त्यामुळे इथे लगामाचे मोल जास्त.

फ्लूच्या संसर्गात नियामक पेशींचे आणखी एक काम रुडेन्स्की यांच्याच प्रयोगशाळेने २०१५ साली दाखवले. या पेशी अँफिरेग्युलिन नावाचे द्रव्य तयार करतात. ते जखमी ऊतीला भरून यायला मदत करते. ज्या उंदरांच्या नियामक पेशींना फक्त हे एक द्रव्य तयार करता येत नव्हते, त्यांच्यात विषाणूचे प्रमाण इतर उंदरांइतकेच होते आणि विषाणूविरोधी प्रतिसादही तसाच होता. तरीही त्यांच्या फुप्फुसांची इजा जास्त होती आणि रक्तातला प्राणवायू जास्त घसरला. प्रतिकाराला आवरणे आणि ऊतीची दुरुस्ती करणे ही या पेशींची दोन स्वतंत्र कामे आहेत, हे त्यातून सिद्ध झाले.

प्रतिकार चुकीच्या दिशेने गेला की काय होते, याचा वेदनादायक धडा १९६०च्या दशकात अमेरिकेत मिळाला होता. फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली आरएसव्हीची लस तान्ह्या मुलांना दिली गेली. पुढे नैसर्गिक संसर्ग झाल्यावर लस घेतलेल्या मुलांचाच आजार अधिक तीव्र झाला, अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोन बालके दगावली. तेव्हा नियामक पेशींची ओळखच पटलेली नव्हती. अलीकडे उंदरांवरील प्रयोगांत त्या लसीमुळे उद्भवणारा दाह, नियामक पेशींना फुप्फुसात बोलावून घेतल्यास, कमी होतो असे आढळले आहे.

डासांनी आणलेले आजार

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. व्हिएतनाममधल्या डेंगीच्या रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तीव्र आजाराच्या काळात रुग्णांच्या रक्तात नियामक पेशी वाढतात आणि त्या आपले काम नीट करतात, असे त्यात दिसले. फरक प्रमाणात होता. सौम्य आजार असलेल्यांत लढाऊ पेशींच्या तुलनेत नियामक पेशींचे पारडे जड होते. गंभीर रुग्णांत ते तसे नव्हते. म्हणजे गंभीर डेंगीत लगाम तुटलेला नसतो, तो अपुरा पडतो. डेंगी गंभीर होण्याची इतरही कारणे आहेत. डेंगीचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला पेशींत शिरायला मदत करू शकतात. नियामक पेशी हा या गुंत्यातला एक धागा आहे, आणि तो तेवढाच मानावा.

वेस्ट नाईल विषाणूची गोष्ट जास्त स्पष्ट आहे. अमेरिकेत रक्तदात्यांच्या रक्ताची चाचणी होते. त्यात काहींना नकळत हा संसर्ग झाल्याचे कळते. अशा दात्यांचा पाठपुरावा केल्यावर २००९ साली दिसले की ज्यांना लक्षणे झालीच नाहीत त्यांच्यात नियामक पेशींची वाढ जास्त होती. ज्या उंदरांत या पेशी नव्हत्या ते जास्त आजारी पडले.

चिकुनगुनियाचा अनुभव महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांना २००६च्या साथीपासून आहे. ताप जातो, पण सांधे महिनोन् महिने धरलेले राहतात. सिंगापूरमधील संशोधकांनी उंदरांत नियामक पेशींची संख्या औषधाने वाढवली, तेव्हा सांध्यांची सूज लक्षणीय कमी झाली. हे उंदरांतले यश आहे, माणसासाठी उपचार अजून नाही. सांधेदुखीने त्रासलेल्यांना कोणी या नावाने काही विकायला आले, तर हे लक्षात ठेवावे.

दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीतही, म्हणजे हिपॅटायटिस ईमध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या पेशींचा मागोवा घेतला आहे. तीव्र आजाराच्या टप्प्यात रुग्णांच्या रक्तात त्यांचे प्रमाण वाढलेले त्यांना आढळले. बहुसंख्य रुग्णांत हा आजार आपोआप बरा होतो.

संसर्ग मुक्काम ठोकतो तेव्हा

आतापर्यंतची उदाहरणे वाचून नियामक पेशी म्हणजे निव्वळ हितचिंतक, असे वाटेल. जुनाट संसर्गात चित्र पालटते.

उंदरांतला फ्रेंड विषाणू हा एचआयव्हीच्या दूरच्या कुळातला. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात किम हासेनक्रग यांच्या गटाने २००१च्या सुमारास दाखवले की हा विषाणू अंगात कायमचा राहतो त्याला नियामक पेशींचे पाठबळ असते. मारक टी पेशी विषाणूग्रस्त पेशी ओळखतात, पण त्यांना मारण्याची त्यांची क्षमता दाबली गेलेली असते. हिपॅटायटिस सीच्या जुनाट रुग्णांच्या रक्तातही नियामक पेशी जास्त आढळल्या. त्या विषाणूला टिकू देतात असा आरोप त्यावरून झाला. पण त्याच पेशी यकृताला सतत धुमसणाऱ्या दाहापासून काही अंशी वाचवतही असाव्यात. विषाणू राहतो, यकृतही टिकते, असा हा महागडा तह आहे.

मग या पेशी काढून टाकल्या तर? एलसीएमव्हीचा जुनाट संसर्ग झालेल्या उंदरांत हा प्रयोग झाला. नियामक पेशी काढताच थकलेल्या मारक पेशींची संख्या भरघोस वाढली, तरी विषाणू कमी झाला नाही, कारण पेशींना थकवणारा दुसरा मार्ग, पीडी-१ नावाचा, जागा होता. दोन्ही अडथळे एकदम दूर केल्यावरच विषाणू घटला. शरीराने एकच लगाम न ठेवता अनेक ठेवले आहेत.

एचआयव्हीच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण नियामक पेशी स्वतःच या विषाणूचे भक्ष्य आहेत. एचआयव्हीविरुद्धच्या टी पेशींना त्या दाबतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. दुसरीकडे, एड्सकडे होणारी वाटचाल प्रतिकारयंत्रणेच्या अखंड चेतावणीशी घट्ट जोडलेली आहे आणि ती चेतावणी शमवणाऱ्या पेशीही याच. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडांच्या रक्तात एचआयव्हीच्या भाऊबंद विषाणूचे प्रमाण भरपूर असते, तरी त्यांना एड्स होत नाही. संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांतच त्यांच्या शरीरात दाह शमवणारा प्रतिसाद उभा राहतो.

उपचाराच्या दिशेने

या ज्ञानाचा माणसाला उपयोग झाल्याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. हिपॅटायटिस सीच्या काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. पॅरिसमधील डॉक्टरांनी अशा १० रुग्णांना इंटरल्यूकिन-२ अगदी कमी मात्रेत दिले. हेच औषध मोठ्या मात्रेत लढाऊ पेशींना चेतवते. थोड्या मात्रेत मात्र ते मुख्यतः नियामक पेशींना पोचते, कारण ते पकडण्यात त्या सर्वांत तरबेज. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्व रुग्णांच्या नियामक पेशी वाढल्या आणि १० पैकी ८ जणांची प्रकृती सुधारली. भीती होती ती विषाणू उसळण्याची. तो वाढला नाही.

कोविडच्या काळात मात्र आपल्याकडे अशी नेमकी साधने हाताशी नव्हती. गंभीर रुग्णांतील नियामक पेशींबद्दलचे निष्कर्षही एकसारखे आले नाहीत. काही अभ्यासांत त्या घटलेल्या दिसल्या, काहींत वाढलेल्या आणि वेगळ्याच वळणावर गेलेल्या. त्यातले बहुतेक निष्कर्ष रक्त तपासून काढलेले होते, आणि रक्तातली संख्या फुप्फुसात काय चालले आहे ते सांगेलच असे नाही. हाती होते ते स्टिरॉइडचे बोथट हत्यार. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर केला. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, प्राणवायू लागणाऱ्यांतले सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना काहीही फायदा झाला नाही. लगाम कधी ओढायचा याचे इतके स्वच्छ उत्तर वैद्यकशास्त्रात क्वचितच मिळते.

ते उत्तर २०२१च्या दुसऱ्या लाटेत अनेकांपर्यंत पोचले नाही. सौम्य ताप असतानाच स्टिरॉइड सुरू झाले, लांबले, मधुमेह हाताबाहेर गेला, आणि महाराष्ट्र व गुजरातेत म्युकरमायकोसिसने कित्येकांचे डोळे आणि जीव घेतले. दुसऱ्या टोकाला ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणारी चूर्णे, काढे आणि गोळ्यांनी बाजार भरला. प्रतिकारशक्ती ही अशी सरसकट वाढवण्याची वस्तू नाही, हे या पेशींच्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसते. विशिष्ट विषाणूविरुद्धचा प्रतिकार नेमकेपणाने शिकवणारे साधन आपल्याकडे आहे आणि ते म्हणजे लस.

म्हणून वाचकांना कळकळीचे सांगणे आहे. मागच्या आजारपणातली उरलेली स्टिरॉइडची गोळी ताप आला म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका. डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड त्यांना न विचारता मध्येच बंदही करू नका. आणि डेंगीच्या रुग्णाचा ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस पोटदुखी, सततची उलटी, हिरड्यांतून रक्त येणे किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.